थेरपी डॉगसोबत स्वयंसेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या घरातील कुत्र्याला घेऊन रुग्णालयात, वृद्धाश्रमात, शाळेत किंवा पुनर्वसन केंद्रात जाणे आणि तेथील माणसांना काही वेळ त्याचा सहवास मिळवून देणे, असे या सेवेचे स्वरूप आहे. या कामात येऊ इच्छिणारे लोक आणि त्यांना बोलावू इच्छिणाऱ्या संस्था सातत्याने जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या सर्व उत्तरांमागे एकच धारणा आहे : भेटीत जो जिव्हाळा निर्माण होतो, त्याचा पाया कुत्रा आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील विश्वास हा असतो, आणि तो विश्वास जपणे हे स्वयंसेवकाचे पहिले कर्तव्य आहे.

थेरपी डॉग आणि सर्व्हिस डॉग यांत फरक काय?

सर्व्हिस डॉग एका विशिष्ट व्यक्तीसाठी काम करतो. अंध व्यक्तीला वाटेतील अडथळ्यांपासून वाचवणे, कर्णबधिर व्यक्तीला दारावरची घंटा वाजल्याचे कळवणे, हातातून पडलेली वस्तू उचलून देणे अशी नेमकी कामे त्याला शिकवलेली असतात, आणि अमेरिकेसारख्या देशांत त्याला त्या व्यक्तीसोबत सार्वजनिक ठिकाणी जाण्याचा कायदेशीर हक्कही आहे. थेरपी डॉगचे तसे नाही. तो स्वयंसेवकाच्या घरी राहणारा पाळीव कुत्रा असतो, अनेक अनोळखी माणसांना भेटतो आणि जेथे त्याला बोलावले आहे तेथेच जाऊ शकतो. अंगावर जॅकेट आणि गळ्यात ओळखपत्र असले म्हणून त्याला दुकानात किंवा उपाहारगृहात प्रवेशाचा हक्क मिळत नाही. असा हक्क सांगणाऱ्या मोजक्या उत्साही स्वयंसेवकांमुळे सर्व्हिस डॉगवर खरोखर अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तींकडे संशयाने पाहिले जाऊ लागते, म्हणून या बाबतीत काटेकोर राहावे.

काही रुग्णालयांत आणि न्यायालयांत एखादा कुत्रा तेथील समुपदेशक किंवा थेरपिस्टसोबत रोज काम करतो. त्याची निवड व प्रशिक्षण वेगळे असते, त्यामुळे पुढील उत्तरे त्याला जशीच्या तशी लागू होणार नाहीत.

ही पद्धत कधी सुरू झाली?

दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाला लहान पाळीव प्राण्याची सोबत फार चांगली असते, असे निरीक्षण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. थेरपी डॉगचा इतिहास मात्र बहुधा स्मोकी नावाच्या यॉर्कशायर टेरियर कुत्रीपासून सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, न्यू गिनीच्या जंगलात ती सापडली आणि अमेरिकी सैनिक विल्यम विन यांच्याकडे आली. विन आजारी पडून लष्करी रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या मित्रांनी तिला तेथे नेले. तिचा परिणाम पाहून परिचारिका तिला इतर जखमी सैनिकांच्या खाटांपाशीही नेऊ लागल्या. तिचे वजन दोन किलोपेक्षाही कमी होते.

या अनुभवाला वैद्यकीय चर्चेत स्थान मिळाले ते बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्यामुळे. त्यांच्याकडे आलेला एक अबोल मुलगा जिंगल्स या त्यांच्या कुत्र्याशी मोकळेपणाने वागू लागला, आणि त्या आधारे त्यांनी १९६२ मध्ये कुत्र्याला उपचारातील सहकारी मानणारा लेख प्रसिद्ध केला. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेतील परिचारिका इलेन स्मिथ यांनी 'थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल' ही संस्था स्थापन केली, तर १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये 'पेट्स ॲज थेरपी' सुरू झाली. आज रूढ असलेल्या चाचण्या, नोंदणी आणि नियम अशाच संस्थांच्या अनुभवातून घडत गेले आहेत.

कुत्र्याच्या भेटीचा माणसावर खरोखर काही परिणाम होतो का?

होतो, पण त्याची मर्यादा ओळखूनच तो सांगायला हवा. हृदय निकामी होण्याच्या विकाराने रुग्णालयात असलेल्या ७६ रुग्णांचा एक अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील वैद्यकीय केंद्रात झाला आणि त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये मांडले गेले. काही रुग्णांना १२ मिनिटे स्वयंसेवक व कुत्रा भेटले, काहींना केवळ स्वयंसेवक भेटला आणि काहींनी नुसती विश्रांती घेतली. रुग्णांची अस्वस्थता सर्वाधिक कमी झाली ती कुत्रा भेटलेल्या गटात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील २०१९ च्या अभ्यासात २४९ विद्यार्थी होते. कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष हात लावून दहा मिनिटे कुरवाळणाऱ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण, प्राण्यांना नुसते लांबून पाहणाऱ्यांच्या तुलनेत कमी आढळले. स्पर्शाचा वाटा किती मोठा आहे, हे त्यावरून लक्षात येते.

तरीही यातील बहुतेक परिणाम तात्कालिक आहेत. कुत्र्याच्या भेटीने आजार बरा होतो असे कोणी सांगत असेल, तर ते रुग्णाची आणि या सेवेची दोघांचीही हानी करते. हृदयरुग्णांच्या अभ्यासातील आणखी एक बाब स्वयंसेवकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी : ज्यांना केवळ माणूस भेटला, त्यांनाही थोडा दिलासा मिळालाच होता. आपण फक्त लीश (कुत्र्याला बांधलेली दोरी) धरण्यापुरते तेथे नसतो.

माझा कुत्रा या कामासाठी योग्य आहे, हे कसे ओळखावे?

जात, रंग किंवा आकार यांवरून काहीही ठरत नाही. मोठा कुत्रा खाटेच्या उंचीला सहज पोहोचतो, लहान कुत्रा मांडीवर घेता येतो, आणि मिश्र जातीचे कुत्रे हे काम तितक्याच उत्तम प्रकारे करतात. वयाची अट मात्र असते. बहुतेक संस्था एक वर्षापेक्षा लहान कुत्रा घेत नाहीत आणि तो काही महिने, सहसा किमान सहा महिने, आपल्याच घरी राहिलेला असावा असा आग्रह धरतात, कारण एवढा काळ सोबत काढल्याशिवाय त्याच्या स्वभावाबद्दल खात्रीने बोलता येत नाही.

स्वभावाबाबत एक गैरसमज फार आढळतो. घरात शांत असणारा, सांगितलेले सर्व ऐकणारा, कोणालाही न चावणारा कुत्रा म्हणजे थेरपी डॉग, असे अनेकांना वाटते. परंतु सहन करणे आणि आवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अनोळखी माणसाने डोक्यावर हात ठेवला असता जो कुत्रा मान खाली घालून स्तब्ध उभा राहतो, तो आज्ञाधारक आहे. त्याला ते आवडते आहे असे मात्र नाही. या कामाला असा कुत्रा हवा, जो अनोळखी माणूस दिसताच सैल अंगाने, हलत्या शेपटीने आपणहून त्याच्याकडे जातो. याची एक साधी परीक्षा घरीही घेता येते. परिचयातील एखाद्या पाहुण्याला कुत्र्याच्या छातीवर किंवा खांद्यावर तीन-चार सेकंद हात फिरवून थांबायला सांगावे. कुत्रा पुन्हा जवळ सरकला, अंग टेकवले किंवा नाकाने हात उचलला, तर तो होकार असतो. तो तसाच उभा राहिला, दुसरीकडे पाहू लागला किंवा अंग झटकून दूर झाला, तर तो नकार समजावा. हा नकार वेगवेगळ्या माणसांसोबत वारंवार दिसत असेल, तर त्याला या कामात ओढू नये. त्याने त्याच्या चांगुलपणात काही उणेपणा येत नाही.

मोठ्या आवाजाने दचकल्यावर सावरायला वेळ लागणारे, अन्नाची राखण करणारे, इतर कुत्र्यांवर धावून जाणारे किंवा सांधेदुखीसारख्या वेदना असणारे कुत्रेही यासाठी योग्य नाहीत. वेदना असलेल्या कुत्र्याला नको तेथे हात लागला, तर अत्यंत गरीब स्वभावाचा कुत्राही दात दाखवू शकतो.

प्रशिक्षण आणि चाचणी यांत काय असते?

बसणे, झोपणे, थांबणे, हाक मारताच येणे आणि लीश न ओढता चालणे, ही प्राथमिक तयारी आहे. अमेरिकन केनेल क्लबने १९८९ मध्ये सुरू केलेली दहा भागांची 'केनाइन गुड सिटिझन' चाचणी याच पायावर उभी आहे. थेरपी डॉगच्या चाचणीत याच्या पुढे जाऊन व्हीलचेअर, वॉकर व कुबड्या जवळून नेल्या जातात, मागे धातूचे भांडे पाडले जाते, दोन-तीन माणसे एकाच वेळी कुत्र्याभोवती येतात, कोणी अवघडपणे थोपटतो तर कोणी एकदम मिठी मारतो. त्या क्षणी कुत्रा दचकला तरी चालते. किती लवकर सावरला आणि सावरताना त्याने आपल्या माणसाकडे पाहिले का, याकडे परीक्षकाचे लक्ष असते.

सर्व आज्ञांमध्ये 'सोड' ही आज्ञा सर्वांत महत्त्वाची मानावी. रुग्णाच्या खाटेखाली पडलेली गोळी, जखमेची पट्टी किंवा चॉकलेटचा तुकडा कुत्र्याने क्षणात उचलला, तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

चाचणी कुत्र्याची एकट्याची नसून कुत्रा आणि स्वयंसेवक या जोडीची असते. त्यामुळे एकाच घरातील दुसऱ्या व्यक्तीला तोच कुत्रा घेऊन जायचे असेल, तर तिने स्वतंत्रपणे चाचणी द्यावी लागते. 'पेट पार्टनर्स'सारख्या संस्था दर दोन वर्षांनी फेरचाचणी घेतात, आणि ते योग्यच आहे, कारण कुत्र्याचे वय आणि आवडीनिवडी बदलत असतात.

स्वयंसेवकाला कोणती गोष्ट सर्वांत आधी यायला हवी?

कुत्र्याचे अंग वाचता यायला हवे. गुरगुरणे ही फार उशिराची सूचना आहे. त्याच्या बऱ्याच आधी कुत्रा खाणे नसतानाही ओठांवरून जीभ फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो, कान मागे पाडतो, उकाडा नसताना धापा टाकतो किंवा दाराकडे तोंड करून उभा राहतो. यातील एखादे लक्षण एकदा दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण दोन-तीन लक्षणे एकत्र किंवा वारंवार दिसली, तर भेट तेथेच संपवावी. "आज याला थोडी विश्रांती हवी आहे" एवढे हसून म्हटले की पुरते. रुग्ण हे समजून घेतात, कारण थकणे म्हणजे काय हे त्यांना चांगलेच ठाऊक असते.

ज्या कुत्र्याला आपला नकार ऐकला जातो याची खात्री असते, तो पुढच्या वेळी अधिक निर्धास्तपणे आत शिरतो. ज्याचा नकार दुर्लक्षिला जातो, तो सूचना देणेच सोडून देतो, आणि असा कुत्रा वरवर शांत दिसत असला तरी सर्वांत धोकादायक असतो.

प्रत्यक्ष भेट कशी असते?

भेटीच्या आदल्या दिवसात कुत्र्याला आंघोळ घालावी, नखे कापून त्यांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात, कान, डोळे आणि पंजे तपासावेत. वृद्धांची त्वचा इतकी नाजूक असते की पंजाचा सहज लागलेला ओरखडाही जखम करतो. लीश ठरावीक लांबीची आणि आखूड असावी, आपोआप सुटत जाणारी नको. काटेरी किंवा फास बसणारा गळपट्टा कधीही वापरू नये.

खोलीच्या दाराशी थांबून परवानगी विचारावी, आणि ती रुग्णाकडूनच मिळवावी, त्याच्या नातेवाइकांच्या उत्साहावर विसंबू नये. हात स्वच्छ करून झाले की रुग्णाचा कोणता हात सहज हलतो, त्याला कोणत्या बाजूने दिसते, सलाइनची नळी कोठे आहे, हे पाहून कुत्र्याला उभे करावे. खाटेवर घ्यायचे असल्यास कर्मचाऱ्यांना विचारून खाली स्वच्छ चादर अंथरावी. बोलण्याची घाई करू नये.

पुनर्वसन केंद्रातील एक प्रसंग सांगतो. पक्षाघातामुळे डावा हात लुळा पडलेल्या एका गृहस्थांना फिजिओथेरपिस्टने कुत्र्याचा ब्रश त्याच हातात दिला. बोटे नीट मिटत नव्हती, म्हणून तिने स्वतःचा हात त्यांच्या हातावर ठेवला होता. कुत्री त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून हळूच गुडघ्याला रेलली. ब्रश दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा तो तिच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत गेला, आणि थेरपिस्टने आपला हात केव्हा काढून घेतला हे त्यांना कळलेच नाही. मग त्यांनी विचारले, "दुसरी बाजू कधी?" रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम ते रोज टाळत होते. येथे मात्र त्यांच्या हाताला कोणाचे तरी काम करायचे होते. श्रेय थेरपिस्टच्या योजनेचे आहे आणि कुत्रीच्या स्वखुशीचेही आहे. ती तेथे अवघडून उभी असती, तर हे घडले नसते.

एका दिवसात दोन तासांहून अधिक काम करू नये, असा काही संस्थांचा नियम आहे. माझ्या मते बहुतेक कुत्र्यांना एक तास पुरेसा होतो. सतत नव्या माणसांचे वास, आवाज आणि स्पर्श झेलणे हे कुत्र्यासाठी मेहनतीचे काम आहे. घरी परतल्यावर पाणी, मोकळे फिरणे आणि निवांत झोप एवढे त्याला मिळालेच पाहिजे.

रुग्णालयात संसर्गाचा धोका नाही का?

धोका असतो, आणि तो दोन्ही दिशांनी असतो. कुत्र्याच्या अंगावरून जंतू रुग्णाकडे जाऊ शकतात, तसेच एका खाटेजवळचे जंतू कुत्र्याच्या केसांवरून दुसऱ्या खाटेपर्यंत पोहोचू शकतात. यावरील सर्वांत परिणामकारक उपाय साधाच आहे : कुत्र्याला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर, प्रत्येक वेळी, प्रत्येकाने हात स्वच्छ करणे. याखेरीज रेबीजसह सर्व लसीकरण पूर्ण असावे, जंतनाशक औषध आणि गोचीड-पिसवांवरचे उपाय वेळेवर व्हावेत, आणि कुत्र्याला जुलाब, त्वचारोग किंवा जखम असल्यास भेट रद्द करावी. कुत्र्याला तोंड किंवा जखम चाटू देऊ नये. विलगीकरणातील रुग्णांकडे जाऊ नये; प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांबाबतचा निर्णय डॉक्टरांचा असतो.

कच्च्या मांसाचा आहार देणाऱ्या पालकांना हा मुद्दा अनेकदा खटकतो, पण अनेक संस्था अशा कुत्र्यांना प्रवेश देत नाहीत. कच्च्या मांसातील साल्मोनेलासारखे जंतू कुत्रा निरोगी दिसत असतानाही त्याच्या लाळेतून व विष्ठेतून बाहेर पडू शकतात.

ज्यांना कुत्र्यांची भीती, ॲलर्जी किंवा नावड आहे, त्यांचे काय?

त्यांचा नकार कारण न विचारता स्वीकारावा. भेटीची वेळ आधी जाहीर करणे, लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी आतल्यांना विचारणे आणि सामाईक दालनाच्या एका कोपऱ्यातच बसणे, एवढ्याने बहुतेक अडचणी टळतात. "हा काही करत नाही" हे वाक्य उच्चारू नये. घाबरलेल्या माणसाला त्याने धीर येत नाही.

मुलांनी कुत्र्याला वाचून दाखवण्याचे उपक्रम कशासाठी असतात?

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील 'इंटरमाउंटन थेरपी ॲनिमल्स' या संस्थेने १९९९ मध्ये असा उपक्रम सुरू केला आणि तो अनेक देशांत पसरला. वाचताना अडखळणाऱ्या मुलाची खरी अडचण बरेचदा अक्षरांइतकीच ऐकणाऱ्यांची असते : वर्गातील कोणी हसेल, शिक्षक मध्येच दुरुस्त करतील, याची त्याला धास्ती असते. कुत्रा दुरुस्त करत नाही आणि घाईही करत नाही. स्वयंसेवकानेही तेच पाळावे. एखादा शब्द अगदीच अडला, तर "हा शब्द याला कळला नसेल, आपण त्याला समजावून सांगू या का?" असे म्हणावे, म्हणजे शिकण्याचा भार मुलावरून उतरतो आणि शिकवण्याचा मान त्याला मिळतो.

जिव्हाळा जडल्यावर एखादी व्यक्ती दगावली किंवा भेटी थांबल्या, तर?

नियमित भेटींत हे घडणारच आहे, आणि त्यासाठी मनाची तयारी ठेवूनच या कामात यावे. पुढच्या आठवड्यात खाट रिकामी दिसते आणि गोपनीयतेच्या नियमामुळे कर्मचारी कारणही सांगू शकत नाहीत, असे अनेकदा होते. आपल्याला दुःख होणे स्वाभाविक आहे. संस्थेच्या समन्वयकाशी किंवा अनुभवी स्वयंसेवकाशी त्याबद्दल बोलावे, पण रुग्णाच्या कुटुंबाशी परस्पर संपर्क साधू नये. रुग्णाचे नाव, आजार किंवा छायाचित्र लेखी परवानगीविना कोठेही देऊ नये, कुत्र्याचे छायाचित्र कितीही सुंदर आले असले तरी.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्ती दर वेळी कुत्र्याचे नाव नव्याने विचारतात. "मागच्या वेळी सांगितले होते" असे कधीही म्हणू नये, नाव पुन्हा सांगावे. नाव आठवत नसतानाही त्यांचा हात कुत्र्याच्या कानामागच्या नेमक्या आवडत्या जागी जातो, हे अनेक स्वयंसेवकांनी पाहिले आहे.

या कामाचे मानधन मिळते का? अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची?

मानधन मिळत नाही. अनेक संस्था आपल्या नोंदणीकृत जोड्यांना दायित्व विम्याचे (दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याचे) संरक्षण देतात, परंतु ते विनामोबदला आणि नियमांत राहून केलेल्या भेटींपुरतेच असते. लहानसा ओरखडाही लपवू नये. भेट थांबवून कर्मचाऱ्यांना लगेच सांगावे आणि संस्थेकडे लेखी नोंद करावी.

माझ्याकडे कुत्रा नाही. तरी मला सहभागी होता येईल का?

अवश्य. चाचणीच्या वेळी अनोळखी माणसाची भूमिका करणे, भेटींचे वेळापत्रक सांभाळणे, नव्या जोडीसोबत निरीक्षक म्हणून जाणे, या कामांसाठी माणसे नेहमीच कमी पडतात.

कुत्र्याला निवृत्त केव्हा करावे?

भेटीला निघण्यासाठी जॅकेट हातात घेताच जो कुत्रा दाराकडे धावत असे, तो आता जागेवरून उठत नाही; इमारतीपाशी आल्यावर पावले मंदावतात; भेटीनंतरची झोप दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. अशी चिन्हे दिसू लागली की प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी, कारण दृष्टी, श्रवणशक्ती किंवा सांधे यांतील बिघाड हेही कारण असू शकते. त्यावर उपचार होण्यासारखा नसेल, तर भेटी एकदम बंद न करता आधी त्यांचा कालावधी आणि मग संख्या कमी करावी. काही कुत्र्यांना गर्दीचे रुग्णालय झेपत नाही, परंतु वृद्धाश्रमातील दोन-तीन ओळखीच्या खोल्या अजूनही आवडतात, आणि तेवढेच ठेवायला हरकत नसते. रुग्ण वाट पाहतील या विचाराने निवृत्ती पुढे ढकलणारे स्वयंसेवक पुष्कळ आहेत. त्यांची भावना खरी असते, पण निर्णय कुत्र्याकडे पाहूनच व्हायला हवा. शेवटच्या भेटीची तारीख संस्थेला काही आठवडे आधी कळवावी, म्हणजे जे त्याला नियमित भेटतात त्यांना त्याचा निरोप घेता येतो आणि त्या खोल्यांसाठी दुसऱ्या जोडीची व्यवस्थाही वेळेत होते.